वीस बाय दहाचा फ्लेक्स आणि आठ जीबीची रॅम

तालुक्याच्या गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात संध्याकाळी सातच्या सुमारास एक प्रसंग ठरलेला असतो. उद्या भाऊंचा वाढदिवस. वीस बाय दहाचा बोर्ड सकाळी चौकात लागलाच पाहिजे, शुभेच्छुकांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर अजून येतच आहेत, आणि डिझाइन करणारा मुलगा स्क्रीनवर गोल फिरणाऱ्या चक्रीकडे बघत बसला आहे. ‘‘मशीन हँग झालंय, शेठ. आता रॅम टाकायलाच पायजे.’’

रॅम टाकायला हरकत काहीच नाही. पण आधी जरा हिशेब. वीस फूट म्हणजे २४० इंच, दहा फूट म्हणजे १२०. ‘प्रिंटला ३०० डीपीआय’ हे क्लासमध्ये पाठ करून घेतलेलं असतं, म्हणून मुलानं फाईल ३०० वर उघडली. झाले ७२,००० गुणिले ३६,००० पिक्सेल, म्हणजे एकूण २५९ कोटी २० लाख. सीएमवायकेमध्ये एका पिक्सेलला चार बाइट लागतात. भाऊंचा फोटो अजून टाकायचाच आहे, तोवर नुसती कोरी पार्श्वभूमीच दहा जीबीच्या पुढे गेली. फोटोशॉपच्या नेहमीच्या पीएसडी फाईलला एका बाजूला ३०,००० पिक्सेलची मर्यादा असते. त्यामुळे हा बोर्ड त्या स्वरूपात सेव्हसुद्धा होणार नाही.

तोच बोर्ड ७२ डीपीआयवर केला तर सुमारे ६०० एमबी होतो. ३६ वर केला तर दीडशे एमबी. आणि चौकात उभ्या माणसाला तिन्हींतला फरक कळत नाही.

का कळत नाही, याचं उत्तर डोळ्यात आहे. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं अंतर वेगळं ओळखू शकतो. कागद हातात, म्हणजे फूटभर लांब धरला, तर या कोनात इंचाला सुमारे २८६ ठिपके बसतात. ३०० हा आकडा छापखान्यात इतका घट्ट रुजला, त्यामागे हे अंतर आहे. तीस फुटांवरून पाहिलं तर तोच डोळा इंचाला जेमतेम दहा ठिपके वेगळे करू शकतो. म्हणजे ३६ डीपीआयसुद्धा गरजेच्या साडेतीनपटींहून जास्त. खाली बारीक अक्षरांत पत्ता आणि फोन नंबर असतील आणि लोक जवळ येऊन वाचणार असतील, तर ७२ ठेवावं. त्यापुढचा प्रत्येक पिक्सेल मशीनला घाम आणतो आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही.

ग्राफिक डिझाइनसाठी स्वस्तातलं मशीन निवडायचं म्हणजे पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ हा नसतो. दुकानदार तोच विचारतो, कारण त्याला विकायचं असतं. पहिला प्रश्न आहे, ‘काम कुठं दिसणार?’ मोबाइलवर, कागदावर की चौकात? व्हॉट्सअ‍ॅप स्टेटससाठी १०८० बाय १९२० पिक्सेल लागतात, जेमतेम २१ लाख. दहा वर्षांपूर्वीचा संगणकही ते हसत करील. ए-फोर आकाराचं पत्रक ३०० डीपीआयवर ८७ लाख पिक्सेलचं होतं, सीएमवायकेत प्रत्येक थर सुमारे ३५ एमबीचा. वीस थर चढवले की सातशे एमबी. वर्तमानपत्राच्या कागदावर छपाईची जाळी ऑफसेटच्या आर्टपेपरपेक्षा बरीच जाड असते, त्यामुळे तिथल्या जाहिरातीला १७० ते २०० डीपीआय पुरतं. आणि लग्नपत्रिका, लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड, लोगो ही सगळी कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमधली व्हेक्टर कामं तर वजनाला नगण्य. तिथं रेषा गणितानं साठवलेली असते; ती दोन इंच असो की वीस फूट, फाईल तेवढीच. कोरलची फाईल जड झालीच, तर तीन संशयित तपासावेत: ड्रॉप शॅडो, ट्रान्सपरन्सी, आणि आत कोंबलेले मोठमोठे फोटो.

आता रॅमकडे वळता येईल. फोटोशॉपसाठी अ‍ॅडोबी स्वतः किमान ८ जीबी सांगते आणि १६ जीबीची शिफारस करते. विंडोज, ब्राउझरचे पंधरा टॅब, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि फोटोशॉप एकत्र चालवणाऱ्याला ८ जीबी अपुरीच पडते, कारण फोटोशॉप मागच्या ५० पायऱ्यांचा इतिहासही जपून ठेवत असतं. रॅम संपली की ते डिस्कवर लिहू लागतं, त्यासाठी राखलेल्या जागेला ‘स्क्रॅच डिस्क’ म्हणतात. ही डिस्क जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर सगळा खेळ तिथंच थांबतो. चक्री फिरते ती बहुतेकदा इथं.

म्हणून जुन्या मशीनवर पहिला खर्च करायचा तो एसएसडीवर. फिरणारी हार्डडिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी वाचते, तेही सगळं सलग असेल तर. साध्या साटा एसएसडीचा वेग साडेपाचशेच्या आसपास जातो. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी साडेतीन हजार आणि पुढेही. जाहिरातीत हा शेवटचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. पण डिझायनरच्या हाताला जाणवणारी उडी हार्डडिस्कवरून एसएसडीवर जाताना असते, साटावरून एनव्हीएमईवर जाताना फारशी नाही. जुन्या मदरबोर्डवर एनव्हीएमईची जागाच नसेल, तर त्यापायी मदरबोर्ड बदलण्यात अर्थ नाही. जुनी हार्डडिस्क फेकू नये. झालेली कामं ठेवायला ती उत्तम.

प्रोसेसर निवडताना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. फोटोशॉप आणि कोरल यांची बरीच कामं एका वेळी एकाच कोअरवर चालतात. सोळा कोअरचा महागडा प्रोसेसर घेतला तरी पंधरा कोअर बहुतांश वेळ आरामात असतात. अमेरिकेतली प्युजेट सिस्टीम्स ही वर्कस्टेशन बांधणारी कंपनी अशा सॉफ्टवेअरच्या चाचण्या वर्षानुवर्षं प्रसिद्ध करते. त्यातूनही फोटोशॉपला एका कोअरचा वेग जास्त मानवतो, असंच दिसतं. सहा वेगवान कोअर असलेला मधल्या फळीचा प्रोसेसर पुरे. वेगळं ग्राफिक कार्ड तर छपाईच्या डिझाइनला बहुतेक वेळा लागतच नाही. फोटोशॉपचे काही फिल्टर, निवडक एआय सुविधा आणि फोर-के स्क्रीन यांना त्याची मदत होते हे खरं. पण लग्नपत्रिका करणाऱ्यानं गेमिंगचं कार्ड घेणं ही निव्वळ हौस. एएमडीचा २०२१ साली आलेला रायझन ५ ५६००जी हा सहा कोअरचा प्रोसेसर पोटातच ग्राफिक्स घेऊन येतो. अशा प्रोसेसरसोबत रॅम मात्र दोन सारख्या पट्ट्यांत घ्यावी, सोळाची एक घेण्याऐवजी आठच्या दोन. पोटातलं ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच जागा घेतं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. व्हिडिओ आणि थ्रीडी करणाऱ्यांचा हिशेब वेगळा. तिथं कार्डाशिवाय गत्यंतर नाही.

नवं की जुनं?

मोठ्या कंपन्या आणि बँका तीन-चार वर्षांनी संगणक बदलतात, आणि त्यांचे डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर बाजारात ‘रिफर्बिश्ड’ म्हणून येतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एसपी रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट. या गल्ल्यांमधून हा माल लहान गावांपर्यंत पोहोचतो. डबे दणकट असतात आणि किंमत नव्याच्या निम्म्याहून खाली येऊ शकते. पण इथं एक तारीख डोक्यात ठेवावी लागते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे (सातव्या पिढीतले मोजके अपवाद सोडून), एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढे, आणि मदरबोर्डवर टीपीएम २.० असेल तर. या एका अटीमुळे बाजारात सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनचा ढीग लागला आणि त्यांच्या किमती उतरल्या. ‘आय-सेव्हन आहे, एकदम टॉप’ असं सांगून ती खपवली जातात. आय-सेव्हन या नावाला स्वतंत्र अर्थ नाही; त्यापुढचा आकडा वाचावा. सहाव्या पिढीच्या आय-सेव्हन ६७०० मध्ये चार कोअर आहेत, २०१८ च्या आठव्या पिढीच्या आय-फाइव्ह ८५०० मध्ये सहा. धाकटा भाऊ थोरल्याला भारी पडतो.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर आपली सर्वांत जड फाईल घेऊन जावी आणि समोर उघडून पाहावी. विकणाऱ्याच्या तोंडच्या सगळ्या आकड्यांहून ही एक परीक्षा खरी. एसएसडी किती वापरली गेली आहे ते क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर दोन मिनिटांत सांगतं. डबा उघडून रॅमच्या किती जागा रिकाम्या आहेत ते बघावं. या ब्रँडेड डब्यांची एक खोड मात्र ध्यानात ठेवायला हवी: त्यांचा पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड अनेकदा त्या कंपनीच्याच मापाचे असतात. एसएमपीएस उडाला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला बसेलच असं नाही, आणि चपट्या डब्यात पुढं कधी कार्ड घालावंसं वाटलं तर बुटकंच शोधावं लागतं.

असेंबल्ड घेणाऱ्याचं नशीब २०२५ च्या अखेरीस फिरलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केली आणि जगभर रॅमचे भाव झपाट्यानं चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीनं तर ‘क्रुशियल’ या नावानं सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात डीडीआर-फोर रॅमसकट मिळणारा जुना डबा अचानक शहाणपणाचा सौदा ठरतो. कारण त्यात रॅमचे पैसे जवळजवळ धरलेलेच नसतात.

मॅकचं काय, हा प्रश्न येतोच. जाहिरात एजन्सीत मॅक असतो म्हणून डिझाइनला मॅकच लागतो, ही समजूत जुनी आहे. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या एम-फोर मॅक मिनीनं चित्र थोडं बदललं: भारतात तेव्हा ५९,९०० रुपयांपासून, आणि पहिल्याच मॉडेलमध्ये १६ जीबी मेमरी. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस वेगळे. मेमरी नंतर वाढवता येत नाही, हा त्यातला काटा. ज्याचं काम इनडिझाइन-इलस्ट्रेटरमध्ये चालतं त्याला हा व्यवहार परवडू शकतो. ज्याच्याकडे वीस वर्षांच्या कोरल फाईली आणि विंडोजवरच्या श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर पडलाय, त्यानं मोहात पडू नये.

डब्यावर इतकी चर्चा झाली, पण डिझायनर दिवसभर बघतो ते मॉनिटरकडे. आणि पैसे वाचवायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते.

स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. एनटीएससी हे १९५३ सालच्या अमेरिकी रंगीत टीव्हीचं मोजमाप. आज वेब, मोबाइल आणि बहुतेक फोटो ज्या रंगविश्वात राहतात ते एसआरजीबी, एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये ठरवलेलं. एनटीएससीचे ७२ टक्के म्हणजे साधारण एसआरजीबीएवढा आवाका. त्या हिशेबानं ४५ टक्केवाला पडदा एसआरजीबीतले जेमतेम साठ-बासष्ट टक्के रंग दाखवतो. परिणाम महाराष्ट्रात पटकन लक्षात येतो, कारण इथल्या बॅनरांचे रंग भडक. अशा पडद्यावर भगवा मळकट दिसतो, म्हणून मुलगा त्यात अजून लाल ओततो, आणि छापून येतो तेव्हा तो भगवा उरलेला नसतो.

निळ्याची गंमत याहून वेगळी. १४ एप्रिलच्या, आंबेडकर जयंतीच्या बॅनरसाठी स्क्रीनवर घेतलेला झगझगीत निळा छपाईत जांभळा होतो. यात मॉनिटरचा दोष नाही. पडद्यावरचा तो शुद्ध निळा छपाईच्या चार शाईंना बनवताच येत नाही. सॉफ्टवेअर जवळचा रंग शोधताना सायनबरोबर मजेंटाही भरपूर ओततं. सायन १०० ठेवून मजेंटा ६० ते ७० च्या दरम्यान आणला की निळा पुन्हा निळा होतो. ही दुरुस्ती फुकट आहे. त्यासाठी कुठलंच मशीन घ्यावं लागत नाही.

तर मॉनिटर आयपीएस पॅनेलचा असावा, एसआरजीबीच्या शंभर टक्क्यांच्या आसपास दाखवणारा असावा, आणि डेस्कवर २४ इंची फुल एचडी हा किफायती आकार. टीएन पॅनेलचा पडदा मान हलवली की रंग बदलतो. तो कितीही स्वस्त मिळाला तरी या कामाचा नाही. लॅपटॉप आधीच घेऊन झाला असेल, तर त्याला बाहेरून असा मॉनिटर जोडणं हा सगळ्यात फळणारा खर्च. मोठं बजेट नसेल तर एकूण रकमेतला चौथा हिस्सा पडद्यासाठी राखावा, मग प्रोसेसर एक पायरी खालचा आला तरी चालेल.

नव्या मॉनिटरचा उजेडही कमी करायला हवा. कारखान्यातून तो दुकानात उठून दिसावा असा झगझगीत येतो; त्यावर फोटो उजळ वाटतो आणि छापला की काळवंडतो. छपाईच्या कामाला प्रति चौरस मीटर १०० ते १२० कँडेला एवढा उजेड साधारण योग्य मानतात. हे मोजणारं आणि रंग सुधारणारं यंत्र, डेटाकलरचं स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं, एकट्याला महाग पडतं. महिन्यातून एकदा लागणारी वस्तू चार-पाच डिझायनरांनी मिळून घ्यायला काय अडचण असावी? डिस्प्लेकॅल हे त्यासोबत चालणारं सॉफ्टवेअर मोफत आहे.

तेही नको असेल, तर एक गावठी पण चोख उपाय आहे. सायन, मजेंटा, पिवळा, काळा आणि नेहमी लागणारे भगवा, निळा, हिरवा, कातडीचा रंग, अशा चौकटींची एक छोटी पट्टी करावी, प्रत्येक चौकटीत तिचे आकडे लिहावेत, आणि ज्या दुकानात आपलं काम छापतं तिथून ती एक-दोन चौरस फुटांत छापून आणावी. ऑफसेटवाल्याकडून एखाद्या कामाच्या उरलेल्या जागेत छापून घ्यावी. दोन्ही पट्ट्या भिंतीवर लावून ठेवल्या की रंग पडद्यावर पाहून ठरवायचे नाहीत, पट्टीवर पाहून आकडे टाकायचे. प्रत्येक फ्लेक्स मशीनची शाई आणि सेटिंग वेगळं असतं, त्यामुळे दुकान बदललं की पट्टी नवी.

पेन टॅब्लेटबद्दल थोडक्यात. चित्रं काढणाऱ्याला, फोटो रीटच करणाऱ्याला तो हवा. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन यांचे लहान, स्क्रीन नसलेले टॅब्लेट पुरतात. ८१९२ प्रेशर लेव्हलची जाहिरात वाचून हुरळू नये, २०४८ मधला आणि त्यातला फरक हाताला क्वचित कळतो. अक्षरं हातानं काढायची असतील तर कागद आणि बोरू आहेतच. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं आपल्या सुलेखनानं ओळखीची करून सोडणारे कमल शेडगे हातानंच अक्षरं घडवत. कागदावर काळ्या शाईनं लिहावं, दिवसाच्या उजेडात मोबाइलनं सरळ वरून फोटो काढावा, आणि इंकस्केपच्या ‘ट्रेस बिटमॅप’नं त्याच्या वक्ररेषा करून घ्याव्यात. बाजारातल्या कुठल्याही फॉन्टमध्ये नसलेलं शीर्षक तयार होतं, आणि स्कॅनरचे पैसे वाचतात.

यूपीएसचे पैसे मात्र वाचवू नयेत. पावसाळ्यात वीज कधीही जाते, आणि जाण्यापेक्षा परत येतानाच्या झटक्यानं जास्त नुकसान होतं. सॉकेटला अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावं.

सॉफ्टवेअरचा खर्च हार्डवेअरपेक्षा मोठा ठरू शकतो, कारण तो दरमहा येतो. अ‍ॅडोबीनं २०१३ मध्ये नव्या आवृत्त्या फक्त क्रिएटिव्ह क्लाउडच्या वर्गणीवर द्यायचं ठरवून एकदाच विकत घेण्याची पद्धत मोडीत काढली. सीएस-सिक्स ही त्या पद्धतीची शेवटची आवृत्ती. म्हणूनच गल्लोगल्ली ‘क्रॅक’ चालतो. इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद करा, अशी सूचना त्यात बहुतेकदा असते, आणि त्याच मशीनवर शेठचं नेटबँकिंग आणि जीएसटीचं लॉगिन असतं. कायद्याचंही ऐकून ठेवावं: माहीत असून बेकायदा प्रत वापरणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

खरी सूट वेगळ्या ठिकाणी आहे. फ्लेक्स किंवा डिजिटल छपाईच्या यंत्राला फाईल कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बनली याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला टिफ, जेपीईजी किंवा पीडीएफ पुरते. ‘कोरलची ओपन फाईलच पाहिजे’ ही मागणी छापणाऱ्याला नंतर बदल करायचा असतो म्हणून येते. अक्षरं कर्व्ह करून पीडीएफ दिली तर इंकस्केपमधलं कामही बिनबोभाट छापतं. फोटोसाठी जिम्प आहे, १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, त्याची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. रंगचित्रांसाठी क्रिता आहे. फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्हॉय याची ‘पेपर अँड कॅरट’ ही सगळी चित्रमालिका अशाच मोफत साधनांवर बनते. इंकस्केप आणि जिम्प मुळात आरजीबीत चालतात, क्रिता आणि स्क्रायबस सीएमवायके जाणतात. त्यामुळे ऑफसेटच्या कामाचा शेवटचा हात स्क्रायबसमध्ये फिरवावा. ही सगळी लिनक्सवरही चालतात, म्हणजे विंडोज ११ नं नाकारलेल्या त्या स्वस्त डब्यालाही काम मिळतं. अ‍ॅफिनिटी हे व्यावसायिक दर्जाचं पॅकेज २०२४ मध्ये कॅनव्हानं विकत घेतलं आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून मोफत केलं. मोह पडावा असंच ते आहे. पण त्यात अनेक वर्षं देवनागरी जोडाक्षरं मोडत असत, तेव्हा इन्स्टॉल केल्याबरोबर ‘ज्येष्ठ’, ‘सौभाग्यवती’, ‘श्रद्धांजली’ आणि ‘दुसऱ्या’ हे चार शब्द टाइप करून बघावेत. तसं तर कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरची ही पहिली चाचणी. फोटोशॉप आणि इनडिझाइनमध्येही ‘वर्ल्ड-रेडी’ हा कंपोझर निवडला नाही तर वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते, आणि लोक फॉन्टला नावं ठेवतात.

फॉन्टचा विषय निघालाच आहे. मराठी डीटीपीची एक संपूर्ण पिढी श्रीलिपी, आकृती, एपीएस, शिवाजी अशा फॉन्टवर वाढली. त्यांत प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात नेला की इंग्रजी चिन्हांचा कचरा होतो. आता गिऱ्हाईक मजकूर पाठवतं व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे युनिकोडमध्ये, आणि ऑपरेटर तो समोर ठेवून पुन्हा टाइप करत बसतो. पत्रिकेवरच्या काका-काकूंच्या नावात चूक होते ती इथं. युनिकोड फॉन्ट वापरला तर तोच मजकूर कॉपी करून चिकटवता येतो. वाचलेला वेळ मोजला तर कुठल्याही प्रोसेसरनं दिला नसता एवढा निघतो.

आणि हे फॉन्ट आता फुकट आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त, बालू, मोदक. इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद, खंड, कलम, तेको. हे गुगल फॉन्ट्सवर मुक्त परवान्याखाली मिळतात. धंद्याच्या कामात बिनदिक्कत वापरता येतात, फक्त फॉन्ट तेवढा सुटा विकता येत नाही. यात्रा वनची अक्षरं मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून सुचली. टिरो देवनागरी मराठी मुद्दाम मराठीसाठी केलेला आहे. त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. निमंत्रणाला जुना बाज द्यायचा असेल तर नोटो सान्स मोडी हा मोडी लिपीचा फॉन्टसुद्धा आहे. वाचता कुणाला येईल तो भाग वेगळा.

चित्रांचं तसंच. अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे यांवरचे फोटो मोफत आहेत, पण फोटोतल्या माणसानं जाहिरातीला संमती दिली आहे की नाही याची हमी तिथं मिळत नाही. जिल्ह्याच्या गावातल्या दवाखान्याच्या पाटीवर सोनेरी केसांचं हसरं कुटुंब दिसतं ते याच वाटेनं आलेलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाखांहून अधिक प्रतिमा पूर्ण मोकळ्या केल्या, स्मिथसोनियननं २०२० मध्ये २८ लाख. तिथं भारतीय लघुचित्रं, कापडावरची नक्षी, जुन्या पोथ्यांची पानं अशी सामग्री आहे की पत्रिकेच्या किनारीसाठी दुसरीकडे जावं लागू नये.

घरच्या चित्रांचा हिशेब कायदा करून देतो. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरची साठ कॅलेंडर वर्षं संपली की त्याचं काम सर्वांचं होतं. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले. त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. मुंबईत १८९४ साली सुरू झालेल्या आणि पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्यांच्या छापखान्यातून ती घरोघरी पोहोचली होती, आता विकिमीडिया कॉमन्सवरून मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ मध्ये वारले, त्यांची चित्रं २००५ पासून मुक्त आहेत. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला जुना थाट आणायचा म्हणून अनेकांचा हात दीनानाथ दलालांच्या चित्रांकडे जातो. दलाल जानेवारी १९७१ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत आहे, तोवर ज्यांच्याकडे तो हक्क आहे त्यांची परवानगी घ्यावी लागेल.